वाशीचे डिझेल आणि नारकंड्याचा चढ

वाशी

८ जानेवारी १९८७, पहाटेचे चार वाजून दहा मिनिटे. वाशीतल्या आमच्या इमारतीखाली हवेचे तापमान एकोणीस अंश होते, इंजिनातल्या पाण्याचा काटा तळाशी टेकलेला होता आणि गाडीत आम्ही तिघे बसलो होतो. टॉर्चच्या उजेडात मी एवढे लिहून घेतले, तोच मागच्या सीटवरून माझे वडील, आप्पा, म्हणाले, "उजू, गाडी अजून हललीसुद्धा नाही. लिहितेस काय?"

"हलण्याआधीचंच आधी लिहायचं असतं, आप्पा. नंतर तुलना कशाशी करणार?"

"मग हेही लिही, की मला चहा मिळालेला नाही."

स्टिअरिंगवर बसलेले बाळारामदादा मोठ्याने हसले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

या प्रवासाला निमित्त माझे होते. हिमाचलात नारकंड्यापाशी बर्फाचा अभ्यास करणारे एक संशोधन केंद्र आहे. तिथल्या एका जागेसाठी चौदा तारखेला सकाळी अकरा वाजता माझी मुलाखत होती. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाल्यावर दोन वर्षे मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात टर्बोचार्जरचे बेअरिंग तपासण्याचे काम करत होते. ते काम मला येत होते, परंतु तेवढ्यावर थांबण्याची माझी तयारी नव्हती. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि ही संधी सोडायची नाही हे मी पत्र हातात पडले त्याच क्षणी ठरवले होते. मुलगी एकटी बर्फात कशी जाणार, म्हणून आप्पा बरोबर निघाले. आप्पांना दमा होता. रासायनिक कारखान्यातल्या नोकरीने त्यांना पेन्शनीबरोबर हेही दिले होते. निघताना आईने बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, आप्पांच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांना जसे नेतेस तसे आण." त्या वाक्याने जी भीती मनात शिरली ती पुढचे सहा दिवस माझ्याबरोबर पुढच्या सीटवर बसून होती.

गाडीची हकीकत निराळी. बाळारामदादा मूळचे कोपरखैरणे गावचे. नवे शहर वसले तेव्हा त्यांची मिठागरे गेली आणि दादा ड्रायव्हर झाले. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यातला परदेशी इंजिनिअर मायदेशी परतला, तेव्हा त्याची सात-आठ वर्षांची जुनी गाडी दादांनी घेतली. डिझेलवर चालणारी, टर्बो बसवलेली. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतो आणि त्यामुळे लहान इंजिन मोठ्या इंजिनाएवढे काम करते. ही गाडी आता दादांना विकायची होती. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये बटाटा घेऊन येणारे हिमाचलातले एक व्यापारी, ठाकूरजी, तिच्यावर भाळले होते. त्यांची अट एकच होती: गाडी नारकंड्यातल्या त्यांच्या दारापर्यंत चढ चढून आली पाहिजे. दादा तिकडे निघालेच होते, आणि आम्ही शेजारी.

डिकीत सामानाच्या आधी चार मोठे कॅन ठेवलेले पाहून मी विचारले, "दादा, एवढं डिझेल?"

"वाटंतल्या पंपांवर रॉकेल मारतात, ताय. माजा भरवसा नाय. ह्ये आपल्या वल्कीच्या पंपावरचं हाय. टाकी फुल्ल, वर चार कॅन. नारकंड्यापरत दुसऱ्याचा थेंब घालायचा नाय."

मी अंतर आणि सरासरी यांचे गणित करून पाहिले. ते बसत होते. नवी मुंबईत गाडी बाळगणारा प्रत्येक माणूस भेसळीच्या भीतीत जगतो, तेव्हा यात मला काहीच वावगे वाटले नाही. उलट शहाणपणा वाटला.

कसारा घाटात गाडीने आम्हाला दिपवून टाकले. टर्बो किती हवा दाबतो हे दाखवणारे दाबमापक मी स्वतः डॅशबोर्डवर बसवले होते. त्याचा काटा चढावर शून्य पूर्णांक सहावर ठाम उभा राहिला. भरलेल्या ट्रकांना मागे टाकत दादा म्हणाले, "बघितलास? वाघीन हाय."

ग्वाल्हेर

मध्य प्रदेशातून जाताना आमच्या आणि तिथल्या लोकांच्या सवयींची तुलना करण्यात आप्पांचा वेळ मजेत गेला. इंदूरला सकाळी पोह्यांबरोबर जिलेबी मिळाली. "गोड आधी का नंतर?" असे त्यांनी दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, "साथ में, बाबूजी." आप्पांनी तसे खाल्ले आणि संध्याकाळपर्यंत आपण आजवर किती वर्षे वाया घालवली याचा हिशेब मांडत राहिले. त्यांची छाती स्वच्छ होती. माझी भीती थोडी सैलावली.

ग्वाल्हेरच्या सकाळी ती परत आली. धुके इतके दाट होते की लॉजच्या अंगणातली गाडी दारातून दिसेना. हवा सहा अंश. वाशीत आम्ही चौदा अंशाला "कडाक्याची थंडी" म्हणतो आणि कानटोप्या काढतो. इथे रिक्षावाला साध्या शालीत बिडी ओढत उभा होता. इंजिन बराच वेळ कुरकुरून सुरू झाले. हमरस्त्याला लागल्यावर दादांनी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी गाडी ओढेना. दाबमापकाचा काटा शून्य पूर्णांक तीनच्या वर जाईना.

"टर्बो गेला काय?" दादांनी विचारले. त्यांच्या आवाजातली धास्ती मला पहिल्यांदा ऐकू आली.

मी विचार केला. थंडीत इंजिनाचे ऑइल घट्ट होते. टर्बोचा दांडा त्याच ऑइलवर तरंगत फिरतो. ऑइल घट्ट, म्हणून दांडा जड, म्हणून हवा कमी, म्हणून ताकद कमी. साखळी सुबक होती, आणि ती माझ्याच कामाच्या विषयातली होती. त्यामुळे मला ती फारच आवडली. दुपारी ऊन पडले, काटा पुन्हा शून्य पूर्णांक सहावर आला, आणि माझी खात्री पटली.

अंबाल्याला पोचल्यावर मी एका गॅरेजात बसून पातळ जातीचे ऑइल घालून घेतले. गॅरेजचा मालक मला सोडून दादांना सगळे विचारत होता आणि उत्तर मी देत होते. शेवटी तो दादांना म्हणाला, "आप की बिटिया है?" दादा म्हणाले, "नाय, आमची इंजिनेर." दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी झकास पळाली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. त्या दिवशी धुके नव्हते आणि आम्ही ऊन वर आल्यावर निघालो होतो. म्हणजे मी एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि श्रेय एकीलाच दिले होते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला हे केले असते तर आमच्या बाईंनी जर्नल परत फेकले असते.

काल्का ते सिमला

काल्क्याच्या पंपावर आम्ही फक्त टायरमध्ये हवा भरायला थांबलो. पंपावरच्या माणसाने बंबईचा नंबर पाहिला आणि आपुलकीने म्हणाला, "ऊपर जा रहे हो? हम लोग तो सर्दी में डीज़ल में थोड़ा मिट्टी का तेल मिला देते हैं."

रॉकेलचे नाव ऐकताच दादांनी त्याच्याकडे असे पाहिले की तो दोन पावले मागे सरला. त्यांनी गाडी सुरू करून बाहेर काढली. मग फुटले. "बघितलंस? तोंडावर सांगतो! आमच्याकडं निदान लपवून तरी भेसल करतात. ह्याला लाज पन नाय!"

आप्पा खो खो हसले. मीही हसले. त्या माणसाचे वाक्य माझ्या कानावर पडले आणि मी ते प्रवासातली एक गंमत म्हणून ठेवून दिले.

सिमल्याला जाणारा रस्ता देखणा आहे, परंतु मला तो नीट पाहता आला नाही. प्रत्येक वळणावर एका बाजूला दरी उघडत होती, आणि मी खिडकीऐवजी काट्याकडे बघत होते. दाबमापकाचा काटा शून्य पूर्णांक पाचवर होता. पाण्याचा काटा मात्र वाशीपासून जेमतेम पाव भागापर्यंत चढत असे, तो आता तिथूनही खाली सरकला होता. दादांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "चांगलंच ना! गाडी थंड तर मालक थंड." मुंबईच्या उकाड्यात वाढलेल्या माणसाला इंजिन तापण्याची भीती ठाऊक असते. ते न तापण्यातही भय असू शकते हे आम्हा तिघांच्याही अनुभवात नव्हते.

सिमल्यात देवदारांच्या सावलीत मळके बर्फ साचलेले होते. आप्पांनी आयुष्यातले पहिले बर्फ बोटाने दाबून पाहिले, फ्रीजरमधल्यासारखे नाही असा निर्वाळा दिला, आणि रात्री त्यांना पहिली ढास लागली. लॉजवाल्याने खोलीत सिगडी आणून ठेवली. मी तिचा धूर घालवायला खिडकी उघडली, तर थंडी आत आली. बंद केली, तर धूर कोंडला. आमच्या पंपाच्या स्टोव्हवर पाणी उकळून मी त्यांना वाफारा दिला. गोळी दिली. पहाटे त्यांना झोप लागली.

सकाळी मी म्हणाले, "आप्पा, तुम्ही इथेच राहा. मी बसने जाऊन येते."

"आणि तुझ्या आईला काय सांगू? मुलगी बर्फात सोडून सिगडीपाशी बसलो होतो म्हणून? चल. वाघीण आहे ना गाडी."

दादांनी शेवटचा कॅन टाकीत ओतला. तेरा तारखेच्या दुपारी आम्ही सिमला सोडले.

नारकंड्याअलीकडे

ठियोगपर्यंत ऊन होते. तिथे रस्त्याला लागूनच सरकारी दवाखान्याची पाटी दिसली आणि मी ती लक्षात ठेवली. भ्यालेला माणूस असल्या गोष्टी आपोआप लक्षात ठेवतो. मत्याना गावाच्या पुढे रस्ता डोंगराच्या सावलीच्या अंगाला गेला. चाकांखाली दडपून काचेसारखे झालेले बर्फ होते. हवा उणे चार. आप्पांच्या श्वासाबरोबर शिट्टी ऐकू येऊ लागली होती. मी गाडीचा हीटर पूर्ण उघडला. त्यातून थंड वारा आला.

आणि दाबमापकाचा काटा उतरू लागला. पाच. चार. दोन. दादांनी दुसरा गिअर टाकला, मग पहिला. इंजिन दोनदा उचकले आणि बंद पडले.

इंजिन बंद पडले की अशा गाडीच्या ब्रेकची मदतही संपते. दादा पेडलवर उभे राहिल्यासारखे दाबत होते, तरी गाडी मागे घसरली. हातभरच घसरली असेल. माझ्या बाजूच्या खिडकीतून खाली पाहिले तेव्हा रस्त्याची कड दिसत नव्हती, नुसते देवदारांचे शेंडे दिसत होते.

"ताय, दगड! दगड लाव!"

मी उडी मारली, पडले, उठले आणि रस्त्याकडेचे दोन दगड ओढून मागच्या चाकांमागे सारले. आप्पा पुढच्या सीटची पाठ धरून पुढे वाकून बसले होते. मी घड्याळ पाहून त्यांचे श्वास मोजले. मिनिटाला चाळीस.

"आप्पा, गोळी?"

त्यांनी मान हलवली. घेतली होती. बोलण्यापुरता श्वास त्यांच्यापाशी उरला नव्हता.

दादा म्हणाले, "टर्बोच गेला. मी सांगतू ना. तुजा तो काटा बघ."

मी त्या काट्याकडे पाहिले आणि चार दिवसांत पहिल्यांदा स्वतःला उलटा प्रश्न विचारला. हवा कमी, म्हणून ताकद कमी, असे मी धरून चालले होते. पण टर्बो फिरतो धुराच्या जोरावर, आणि धूर होतो जळलेल्या डिझेलचा. डिझेलच कमी पोचत असेल तर धूर कमी होणार, टर्बो मंदावणार आणि काटा उतरणारच. मग काटा हे कारण नव्हते, परिणाम होता. दोहोंतले खरे कोणते हे ठरवायला साधी कसोटी होती. हवा कमी आणि डिझेल पुरेसे असेल, तर धूर काळाकुट्ट निघतो.

"दादा, सुरू करून बघा. झालीच तर दाबून धरा. मी मागे उभी राहते."

"मागं नको! घसरली म्हंजे?"

"बाजूला उभी राहते."

इंजिन कसेबसे पेटले, फडफडले आणि पुन्हा मेले. तेवढ्यात मला पाहिजे ते दिसले. नळीतून पांढुरका, विरळ धूर आला. काळा अजिबात नाही.

मी बॉनेट उघडले. डिझेलच्या फिल्टरखाली काचेची एक वाटी असते. वाशीत ती सरबतासारखी स्वच्छ दिसायची. आता तिच्यात हिवाळ्यात थिजलेल्या खोबरेल तेलासारखा पांढरा गोळा होता. डिझेलमध्ये मेण असते. उष्ण प्रदेशातल्या डिझेलमध्ये ते जास्त चालते, कारण तिथे ते थिजण्याचा प्रश्नच येत नाही. आम्ही भेसळीला भिऊन, अठराशे किलोमीटर, जपून जपून, मेणच वाहून आणले होते. आणि काल्क्याचा तो माणूस ज्याला आम्ही हसलो, तो रॉकेल घालून हे मेण पातळ ठेवण्याचा उपाय सांगत होता.

मग मी रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावला. इतका वेळ चाललेल्या इंजिनाची नळी चटका देणारी हवी. ती थंडगार होती.

"दादा, या गाडीला थर्मोस्टॅट आहे ना? इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप?"

"ती?" दादा गोंधळले. "ती तर घेतली त्याच दिवशी काढून टाकली. आमच्याकडं सगलेच काढतात. वाशीत काय करायचीय? गाडी तापते तिच्यानं."

म्हणून हीटर थंड होता, म्हणून इंजिन थंड होते, आणि म्हणून फिल्टरला ऊब देणारे काहीच उरले नव्हते. निदान झाले होते. ते बरोबर आहे हे मला ठाऊक होते. त्याचा आनंद मात्र झाला नाही, कारण गाडीतून येणारी शिट्टी आता बाहेर ऐकू येत होती.

स्टोव्ह पेटवला. पातेल्यात बर्फ भरले. बर्फ वितळून आधण यायला किती वेळ लागतो हे कागदावर मांडता येते. शेजारी बाप गुदमरत असताना तो वेळ कसा जातो ते मांडता येत नाही. दरम्यान दादांनी मागून गोणपाट ओढून काढले. त्यात ठाकूरजींसाठी वाशीहून आणलेले सुके बोंबील होते. वाशीत एकदा चाखल्यापासून ठाकूरजी त्यांची आठवण काढत. बोंबील डिकीत उपडे झाले आणि रिकामे गोणपाट आम्ही रेडिएटरपुढे दोरीने बांधले, म्हणजे वारा अडेल आणि इंजिन तापेल. स्टोव्हसाठी आणलेला रॉकेलचा डबा मी दादांच्या हाती दिला.

"टाकीत ओता."

त्यांनी डबा हातात धरून एकदा माझ्याकडे पाहिले. "माज्या हातानं रॉकेल?"

"तुमच्या हातानं."

त्यांनी ओतले.

पाण्याला आधण आले. पातेले उचलून मी वळले तेव्हा आप्पांनी वाफाऱ्यासाठी डोक्यावर टॉवेल घेतला होता. मान खाली घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते पाण्याची वाट पाहत होते.

पातेले एक होते. वाफाऱ्याने त्यांना दहा मिनिटे बरे वाटले असते, आणि आम्ही तिथेच राहिलो असतो. ऊन मावळत होते. मी त्यांच्या खिडकीवरून पातेले तसेच पुढे नेले, फिल्टरभोवती जुना पंचा गुंडाळला आणि धार धरली. टॉवेलखालून आप्पांनी वर पाहिले का, हे मला माहीत नाही. मी तिकडे बघितले नाही.

काचेतला पांढरा गोळा कडेने पारदर्शक झाला, मग सुटला. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन पेटले आणि पेटलेले राहिले.

"चला!" दादा ओरडले. "नारकंडा दोन-तीन मैलांवर हाय. ठाकूरजीचं घर, शेकोटी, सगलं हाय. तुजी मुलाखत पन तितंच."

"खाली, दादा. ठियोगला."

"येडी झालीस? ते कितीतरी लांब!"

"वर हवा आणखी विरळ आहे, आणखी थंड आहे. त्यांना श्वास खाली मिळेल. दवाखाना मी ठियोगला बघितलाय, वर कोणता आहे मला माहीत नाही. आणि या इंजिनात चढ चढण्याइतका जीव आहे की नाही तेही माहीत नाही. उतरण्याइतका आहे."

दादा क्षणभर वरच्या वळणाकडे बघत राहिले. त्यांचे सगळे काही त्या वळणापलीकडे होते. मग त्यांनी मान हलवली. "आप्पा हायेत तर गाडी हाय. दगड काढ."

त्या रस्त्यावर गाडी वळवणे ही या प्रवासातली सर्वांत भयंकर गोष्ट. मिठागराच्या बांधावर आयुष्यभर वावरलेला माणूस कडेचा अंदाज चुकत नाही, असे दादा नंतर म्हणाले. त्या वेळी मी बाहेर उभी राहून हाताने अंतर दाखवत होते, मागचे चाक बर्फात जागच्या जागी गरगरत होते, आणि गाडीत एकटे आप्पा होते.

उतारावर इंजिन तापू लागले. गोणपाटाने काम केले. पाण्याचा काटा प्रथमच मध्यावर आला आणि हीटरमधून कोमट हवा आली. पाठोपाठ गोणपाटात मुरलेल्या बोंबलांचा वासही आत शिरला आणि गाडीभर पसरला. मत्यान्याअलीकडे एक छोटा चढ होता. दादांनी श्वास रोखला, मी काट्यावर डोळे लावले. तीन. चार. गाडी वर चढली.

मागून घोगरा आवाज आला, "बोंबील... कोण भाजतंय?"

दादा हसता हसता डोळे पुसू लागले. मी त्यांना रस्त्याकडे बघायला सांगितले.

ठियोग

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी इंजेक्शन दिले, ऑक्सिजन लावला आणि आप्पांना पाठीशी उशा देऊन बसते ठेवले. खोलीच्या मध्यावर लाकडे जाळण्याची पत्र्याची भट्टी होती. तिचा धूर नळीने छताबाहेर जात होता. सिमल्याच्या सिगडीपेक्षा हजारपट शास्त्रशुद्ध. आपल्याकडे घर गार कसे राहील याचाच विचार करून बांधतात. इथे सारे घर त्या भट्टीभोवती उभे असते.

चौदा तारखेच्या सकाळी डॉक्टर तपासून गेले. जाताना म्हणाले, "साँस पच्चीस से नीचे आ जाए तो समझिए ख़तरा टल गया. तब तक कोई पास रहे."

नारकंड्याला जाणारी बस दवाखान्याखालच्या थांब्यावर नऊ वाजता येत असे. तिने गेले तर अकरा वाजता मी मुलाखतीच्या खोलीत असणार होते. मी मनाशी अट घातली: पंचविसाच्या खाली असेल तर जायचे, नसेल तर नाही. अट आधी घातलेली बरी. नंतर मन आकड्याशी सौदा करते.

"जा तू," दादा म्हणाले. "मी हाय ना इतं. माजी गाडी काय पलून जानाराय?"

"जा, उजू," आप्पाही म्हणाले. "बघ, मी ठणठणीत आहे. मोज हवं तर."

मी घड्याळ हातात घेतले. मिनिटाला एकोणीस. उत्तम आकडा. मग मी आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिले. कपाळावर घाम होता, गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

"आप्पा, तुम्ही मुद्दाम रोखून धरताय."

"मी? छे."

खाली बसचा भोंगा वाजला. कंडक्टर "नारकंडा, नारकंडा" ओरडू लागला. मी घड्याळ खिशात टाकल्याचा देखावा केला, खिडकीपाशी गेले आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. काचेत त्यांची छाती मला दिसत होती. दादांनी डिकीतल्या बोंबलांचे आता काय करायचे असा विषय काढला, आणि आप्पा त्यांना ते भट्टीवर कसे भाजायचे ते सांगू लागले. मग त्यांना माझा विसर पडला आणि श्वास आपल्या चालीने चालू लागला.

मी पूर्ण मिनिट मोजले. बस सुटल्याचा आवाज आला तेव्हा मी ते लिहून घेतले.

सत्तावीस.